वैद्यकीय इच्छापत्र: ‘नळ्या लावू नका’ एवढ्याने भागत नाही

‘मला शेवटी नळ्याबिळ्या लावू नका रे बाबांनो.’ वयस्क माणसांच्या तोंडी हे वाक्य घरोघरी असतं, आणि ते मनापासून म्हटलेलं असतं. पण आयसीयूच्या दारात त्याचा नेमका अर्थ कुणालाच लावता येत नाही. डॉक्टर विचारतात ते असं: न्यूमोनिया आहे, ऑक्सिजन उतरतोय, ट्यूब टाकून व्हेंटिलेटरवर घ्यायचं का, लगेच सांगा. आठवड्याभरात नळी निघून माणूस घरी येऊ शकतो, नाहीही येऊ शकत. आईने ‘नळ्या नकोत’ म्हटलं होतं ते अशा आजाराबद्दल, की कायमचं अंथरुणाला खिळण्याबद्दल? थोरल्याला एक वाटतं, धाकटीला दुसरं, आणि फोनवरचे काका तिसरंच सांगतात. शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचं होतं.

वैद्यकीय इच्छापत्र, ज्याला बरेचजण लिव्हिंग विल म्हणतात, ते या दहा मिनिटांसाठी लिहायचं असतं. म्हणून त्यात भावना कमी आणि तपशील जास्त हवा.

भारतात त्याला कायदेशीर बळ मिळालं ९ मार्च २०१८ रोजी. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि असं इच्छापत्र करण्याची पद्धत घालून दिली. त्याआधी २०११ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात न्यायालयाने जीवरक्षक उपचार थांबवण्याला तत्त्वतः मान्यता दिली होती, मात्र प्रत्येक वेळी उच्च न्यायालयाची परवानगी लागणार होती. २०१८ ची पद्धतही कागदावर चांगली आणि व्यवहारात अवघड निघाली, कारण इच्छापत्रावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ही अट काढली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. सर्वसामान्य माणसाला हे खऱ्या अर्थाने शक्य झालं ते तेव्हापासून.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण घरात विषय काढला की पहिला आक्षेप हाच येतो. इंजेक्शन देऊन मरण आणणं भारतात गुन्हाच आहे आणि इच्छापत्राने ते मागता येत नाही. बरं होण्याची आशा संपलेली असताना शरीर कृत्रिमरीत्या चालू ठेवणारे उपचार सुरू करू नका, किंवा सुरू असतील तर थांबवा, इतकंच त्यात सांगता येतं. आणि तुम्ही शुद्धीवर असाल, स्वतः निर्णय घेऊ शकत असाल, तोवर डॉक्टरांनी तुम्हालाच विचारायचं असतं. तोवर हा कागद गप्प असतो.

कधी लागू व्हायचं

अठरा वर्षं पूर्ण झालेल्या, मनःस्थिती ठीक असलेल्या कुणालाही हे करता येतं. न्यायालयाने ठरावीक छापील नमुना दिलेला नाही. मजकूर तुमचा, पण सूचना निःसंदिग्ध हव्यात. इच्छापत्र मोघम असेल तर हॉस्पिटलात नेमलेल्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या मंडळाने ते अमलात आणू नये, असं २०१८ च्या निकालातच आहे. त्यामुळे ‘माझी अवस्था वाईट झाल्यास’ किंवा ‘विनाकारण उपचार करू नयेत’ अशी वाक्यं लिहिणं म्हणजे स्वतःच्या हाताने कागद निकामी करणं.

आधी अवस्था लिहा. साधारण असं:

‘मला असाध्य आजार असून तो शेवटच्या टप्प्यात असेल व उपचारांनी फक्त मृत्यू लांबणार असेल, किंवा मेंदूला इजा होऊन मी बेशुद्ध असेन आणि पुन्हा शुद्धीवर येण्याची शक्यता नाही असे तज्ज्ञांचे मत असेल, किंवा माझा स्मृतिभ्रंश इतका वाढलेला असेल की मी घरच्यांना ओळखत नाही, अंथरुणातून उठू शकत नाही आणि मला नीट गिळता येत नाही, आणि या अवस्थेत मी माझा निर्णय सांगू शकत नसेन, तर पुढील सूचना लागू व्हाव्यात.’

स्मृतिभ्रंशाचं वाक्य मुद्दाम वेगळं ठेवलंय. कर्करोगात किंवा पक्षाघातात डॉक्टर ‘आता आशा नाही’ असं एका टप्प्यावर म्हणतात. डिमेन्शियात तो टप्पा ठळक येत नाही, माणूस पायरी पायरीने खाली उतरतो. ओळख, चालणं, गिळणं अशा डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा लिहिल्या तरच घरच्यांना ‘हीच ती वेळ’ म्हणता येतं.

ज्यांना आधीच एखादा आजार आहे त्यांनी त्या आजाराच्या डॉक्टरांना सरळ विचारावं: हा आजार माझ्यात पुढे कसा वाढेल, आणि कोणते निर्णय समोर येतील? सीओपीडीच्या, म्हणजे फुफ्फुसांच्या जुनाट आजाराच्या रुग्णापुढे बायपॅपचा, म्हणजे मास्कने श्वास देणाऱ्या यंत्राचा प्रश्न येतो, किडनीच्या रुग्णापुढे डायलिसिसचा, पार्किन्सन्समध्ये गिळण्याचा. सगळ्यांसाठी एकच मजकूर चालत नाही.

काय हवं, काय नको

इथे घाई करू नका. उपचारांची नावं एकेक घेऊन लिहायची, आणि प्रत्येकाचा अर्थ डॉक्टरांकडून समजून घेऊनच लिहायची.

सीपीआर म्हणजे हृदय थांबल्यावर छातीवर जोरजोरात दाब देणं, लागल्यास विजेचा झटका. अचानक हृदयविकाराचा झटका आलेल्या धडधाकट माणसाला यातून जीवदान मिळतं. शेवटच्या टप्प्यातल्या कर्करोगात मात्र मूळ आजार तसाच राहतो, आणि वयस्क माणसाच्या बरगड्या मोडणं यात नेहमीचं आहे. म्हणून ‘सीपीआर नको’ असं सरसकट लिहू नका, वरच्या अवस्थांना जोडून लिहा.

व्हेंटिलेटर नको असं लिहिलं, तर बायपॅप मास्कचं काय? तोही श्वास देणारं यंत्रच आहे, फक्त नळी घशात जात नाही. मास्क चेहऱ्यावर घट्ट आवळलेला असतो, बोलणं-खाणं अवघड होतं, सैल केला तर ऑक्सिजन पडतो. काहींना धाप लागल्यावर त्याने मोठा आराम वाटतो, काहींना तो अजिबात सहन होत नाही. ‘आराम वाटत असेल तोवर बायपॅप चालेल, मी मास्क ओढून काढत असेन तर काढावा व श्वासाच्या त्रासासाठी औषध द्यावे’ असं एक वाक्य घातलं की हात बांधून मास्क लावण्याची वेळ टळते.

सगळ्यात उपयोगी कलम ठरावीक मुदतीच्या प्रयत्नाचं, आणि लोक नेमकं तेच विसरतात. हो आणि नाही यांच्या मधलं उत्तर देण्याची सोय त्यात आहे: ‘सुधारणेची शक्यता डॉक्टरांना वाटत असेल तर व्हेंटिलेटर जास्तीत जास्त सात दिवस लावून पाहावा. तोवर स्पष्ट सुधारणा नसेल तर गळ्याला छेद देऊन नळी बसवू नये आणि व्हेंटिलेटर काढण्याची प्रक्रिया सुरू करावी.’ सात आकडा कुणी ठरवून दिलेला नाही, तो डॉक्टरांशी बोलून ठरवा. पण साधारण दहा-चौदा दिवस नळी राहिली की ट्रॅकिऑस्टॉमीचा, म्हणजे गळ्याला छेद देऊन नळी बसवण्याचा प्रश्न येतो, आणि ती एकदा झाली की मुक्काम महिन्यांवर जातो. मुदत त्याआधीची हवी. डायलिसिसलाही हेच लागू आहे.

आता सर्वांत हळवा मुद्दा, अन्नपाण्याचा. नाकातून घातलेली राइल्स ट्यूब किंवा पोटात थेट बसवलेली पेग ट्यूब नको असं लिहायला माणसं कचरतात, कारण ‘उपाशी ठेवलं’ हा बोल मुलांना लागेल याची धास्ती असते. वैद्यकशास्त्राचं म्हणणं इथे बरंच स्पष्ट आहे: खूप वाढलेल्या डिमेन्शियात नळीने अन्न दिल्याने आयुष्य वाढत नाही, आणि अन्न श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनियाही टळत नाही. उलट नळी उपसून काढू नये म्हणून हात बांधले जातात. शरीर मिटत चाललं की भूक आधी जाते. म्हणून नुसतं ‘नळी नको’ लिहून थांबू नका, पुढचंही लिहा: ‘नळीने अन्न देऊ नये. उशाकडून उठवून बसवून, चमच्याने, मी तोंडाने घेईन तेवढे द्यावे. मी तोंड फिरवले तर आग्रह करू नये.’ गिळणं बंद झाल्यावर दर तासा-दोन तासांनी ओल्या बोळ्याने तोंड आतून पुसायचं, ओठांना तूप किंवा व्हॅसलिन लावायचं. घशाला कोरड पडते तिचा त्रास याने खरोखर कमी होतो. तुळशीपत्राने पाणी द्यायचं असेल तर ओठांवर आणि जिभेच्या टोकावर दोन थेंब. चमचाभर पाणी घशात ओतलं तर ते फुफ्फुसात जाऊन ठसका लागतो.

छातीत आयसीडी, म्हणजे झटका देणारं यंत्र, बसवलेलं असेल तर ‘अखेरच्या अवस्थेत झटक्यांचे काम बंद करून घ्यावे’ असं जरूर लिहा. अखेरीस हृदयाची लय बिघडली की हे यंत्र आपलं काम करत राहतं आणि मरणाऱ्या माणसाला पुन्हा पुन्हा झटके बसू शकतात. साधा पेसमेकर वेगळा. तो असे झटके देत नाही, त्याबद्दल सहसा काही करावं लागत नाही.

अँटिबायोटिक, रक्त चढवणं, रक्तदाब टिकवणारी औषधं, शस्त्रक्रिया यांबद्दल एकेक ओळ पुरे.

आणि काय हवं ते नकोइतकंच ठळक लिहा. वेदना, धाप, अस्वस्थपणा यांवर पूर्ण उपचार व्हावेत, त्यासाठी मॉर्फिन लागलं आणि झोप वाढली तरी चालेल, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलत राहावी, शक्य असेल तर घरी न्यावं. हे लिहिलं नाही तर ‘उपचार नको’चा अर्थ ‘लक्ष नको’ असा लावला जाऊ शकतो. आज आपल्याकडे असंख्य कुटुंबं खर्चाने आणि थकव्याने ‘डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध’ सही करून पेशंटला घरी नेतात. नळी काढली जाते, पण सोबत ना मॉर्फिन, ना नर्स, ना कुणाचा फोन नंबर. घुसमटत जाणाऱ्या माणसाकडे घरचे हतबल होऊन बघत राहतात. तेच घरी नेणं पॅलिएटिव्ह टीमच्या, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करण्यासाठी उपचार करणाऱ्यांच्या मदतीने झालं तर चित्र पूर्ण वेगळं असतं. कर्करोगाच्या रुग्णांसाठी पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर आणि मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन अनेक वर्षं हे काम करत आहेत. आपल्या गावाजवळ अशी सोय कोणती, हे आधीच शोधून तो नंबर इच्छापत्राला जोडून ठेवा.

कुणाला नेमायचं

माझ्या मते हे मजकुराहूनही महत्त्वाचं. पुढच्या सगळ्या प्रक्रियेत, तुम्ही बोलू शकत नसताना, तुम्ही नेमलेल्या माणसाची संमती लागते. तो माणूस सापडला नाही तर सगळं अडतं.

निकालात ‘पालक किंवा जवळचे नातेवाईक’ असे शब्द आहेत (पालक म्हणजे इथे आईवडील नव्हे, तर तुमच्या वतीने निर्णय घेणारी व्यक्ती) आणि एकाहून अधिक नावं देता येतात. किमान दोन द्या. देताना क्रम लिहा, आणि ‘पहिल्या व्यक्तीशी संपर्क न झाल्यास दुसऱ्या व्यक्तीची संमती पुरेशी मानावी’ हेही लिहा. नाहीतर दोघांची संमती एकदम हवी असा अर्थ निघू शकतो. एकट्या राहणाऱ्या माणसाला मित्राचं किंवा मैत्रिणीचं नाव द्यायचं असेल तर ‘पालक म्हणून नेमत आहे’ असे स्पष्ट शब्द वापरावेत.

थोरला मुलगा म्हणून त्याचंच नाव, असा हिशेब करू नका. जो तासा-दोन तासांत पोचू शकतो, डॉक्टरांना प्रश्न विचारू शकतो, आणि नातेवाइकांच्या गराड्यात ‘आईने असंच लिहिलंय’ हे शांतपणे म्हणू शकतो, तो योग्य. कधी ती सून असते, कधी भाची. परदेशातल्या मुलाचं नाव दुसरं ठेवावं, पण त्याच्याशी बोलणं मात्र आधी करावं. लांब असलेल्या माणसाला काही न केल्याची टोचणी जास्त असते, आणि विमानतळावरून थेट येऊन ‘सगळं करा’ म्हणणारा बहुधा तोच असतो. नेमलेल्यांना मजकूर समोर बसून वाचून दाखवा. ‘असं झालं तर तू काय सांगशील?’ असं विचारा आणि त्यांचं उत्तर ऐका. जमणार नाही असं कुणी म्हणालं तर ते आत्ता कळलेलं बरं.

सही, साक्षीदार, पोच

मजकुरात आणखी दोन वाक्यं असावीच लागतात: या सूचनांचे परिणाम मला समजले आहेत, आणि मी हे कधीही रद्द करू शकतो किंवा शकते. त्यानंतर तारीख आणि प्रत्येक पानावर सही.

साक्षीदार दोन, शक्यतो त्रयस्थ. नेमलेली माणसं, वारस आणि उपचार करणारे डॉक्टर साक्षीदार नकोत. सोसायटीतले शेजारी चालतात, पण तुमच्याहून वयाने लहान असलेले बरे. नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांनी ‘हे स्वेच्छेने, दबावाशिवाय, समजून केले आहे’ याबद्दल समाधान झाल्याची नोंद करायची असते. नुसता शिक्का मारून घेऊ नका, ही ओळ आहे का ते पाहा. स्टॅम्प पेपरची अट निकालात नाही. एखादा नोटरी मागतो, तेव्हा वाद घालण्यापेक्षा दुसरा नोटरी गाठा किंवा ओळखीच्या राजपत्रित अधिकाऱ्याकडे जा.

वय जास्त असेल किंवा विस्मरणाची सुरुवात झाली असेल तर त्याच दिवशीचा, मनःस्थिती ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. कायद्याने तो सक्तीचा नाही, पण पुढे कुणी शंका काढली तर कामाला येतो. मराठीत लिहिलं तरी चालतं, मात्र मोठ्या हॉस्पिटलात रात्रपाळीच्या डॉक्टरांना मराठी येईलच असं नाही. म्हणून इंग्रजी प्रतही करा, तीही तशीच सही-साक्षीने, आणि दोन्हींत फरक आढळल्यास कोणती ग्राह्य ते लिहा.

प्रती द्यायच्या त्या नेमलेल्या माणसांना, फॅमिली डॉक्टरांना, आणि स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याला. महापालिका, नगरपालिका किंवा पंचायत, जिथे राहता तिथली. या अधिकाऱ्यांच्या नेमणुका कागदावरच राहिल्याबद्दल मुंबईतले डॉ. निखिल दातार मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने राज्यभर चारशेहून अधिक अधिकारी नेमल्याचं समोर आलं. गोव्यात त्याच वर्षी ३१ मे रोजी उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र करून राज्यात सुरुवात करून दिली. तरीही खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला हे काय आहे ते ठाऊक नसण्याची शक्यता धरून चला. आरोग्य विभागात विचारा, सोबत एका पानाचं अर्ज-पत्र न्या, आवक विभागात द्या, आणि स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्क्यासह पोच घ्या. हॉस्पिटलने खातरजमा करायची ती याच नोंदीवरून किंवा डिजिटल आरोग्य नोंदीवरून.

मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. शनिवारी रात्री लॉकर उघडत नाही. तो घरात, सर्वांना माहीत असलेल्या फाइलमध्ये, औषधांच्या चिठ्ठ्यांसोबत हवा, आणि त्याची पीडीएफ नेमलेल्यांच्या फोनमध्ये.

हॉस्पिटलात काय घडतं

इच्छापत्र दाखवलं की लगेच यंत्र बंद, असं होत नाही. ही कल्पना नसल्याने घरचे चिडतात. आधी उपचार करणारे डॉक्टर कागद खरा आहे का ते तपासतात. मग हॉस्पिटल प्राथमिक मंडळ नेमतं: उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातले किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. त्यांचा होकार आला तर दुय्यम मंडळ, ज्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक नोंदणीकृत डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ, पहिल्या मंडळात नसलेले. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८-४८ तासांत मत द्यायचं असतं. नेमलेल्या माणसाची संमती घ्यायची, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला कळवायचं, मग उपचार थांबवायचे. दंडाधिकाऱ्याची परवानगी आता लागत नाही, फक्त माहिती द्यायची असते. मंडळाने नकार दिला तर राज्यघटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येतं. इच्छापत्र केलेलंच नसेल तरीही कुटुंबाच्या संमतीने याच वाटेने जाता येतं, पण मग ‘तिला काय हवं होतं’ यावरचा वाद पुन्हा पहिल्यापासून.

म्हणजे तीन-चार दिवस धरून चला. अनेक ठिकाणी उशीर होतो तो दुय्यम मंडळातल्या बाहेरच्या डॉक्टरच्या नावासाठी. म्हणून दाखल करताना पहिल्याच दिवशी वैद्यकीय अधीक्षकांच्या कार्यालयात इच्छापत्राची प्रत देऊन विचारा: तुमच्याकडे दुय्यम मंडळ नेमलेलं आहे का? मोठं ऑपरेशन ठरवून करायचं असेल तर हे दाखल होण्याआधीच विचारायला हवं.

आणि रात्री दोन वाजता १०८ ला फोन केला, तर रुग्णवाहिकेतली माणसं जीव वाचवायचंच काम करतील आणि कॅज्युअल्टीत नळी पडेल. तिथे इच्छापत्र वाचत बसायला वेळ नसतो. सीपीआर करू नये यासाठी उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा लेखी निर्णय वेगळा लागतो. आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेने २०२० मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वं दिली आहेत, रुग्ण दाखल असताना तो केसपेपरवर नोंदवून घ्यावा. घरीच अखेर व्हावी असं ठरलं असेल तर कुणाला फोन करायचा, कोणतं औषध किती द्यायचं आणि मृत्यूचा दाखला कोण देणार, हे फॅमिली डॉक्टरांशी आधी ठरवून भिंतीवर लावा. शेवटची धाप पाहून घाबरलेला माणूस १०८ लावणारच, त्याला दोष देता येत नाही.

घोटाळे होतात ते

मानसिक आरोग्य कायदा, २०१७ मध्येही ‘आगाऊ निर्देश’ आहे. तो मानसिक आजारावरच्या उपचारांपुरता, त्याची पद्धत वेगळी. इंटरनेटवरून तो फॉर्म उतरवून घेऊन लोक भलताच कागद भरतात. मालमत्तेच्या मृत्युपत्रातही या सूचना घालू नका. ते मृत्यूनंतर उघडलं जातं.

अवयवदानाची इच्छा असेल तर इथे एक ओळ हवीच, नाहीतर दोन इच्छा एकमेकींना आडव्या येतात. मेंदूमृत्यू झाल्यावर अवयव घेईपर्यंत शरीर व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. मेंदूमृत्यूच्या तपासण्याच किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा होतात. तेव्हा लिहा: ‘मेंदूमृत्यू घोषित होण्याची शक्यता असल्यास अवयवदानासाठी लागेल तेवढा काळ व्हेंटिलेटर चालू ठेवण्यास माझी संमती आहे.’

मत बदललं तर जुन्या कागदावर खाडाखोड करू नका. रद्द करणं लेखी, आणि बदल करायचा तर पुन्हा साक्षीदार व नोटरीसह. दोन इच्छापत्रं निघाली तर शेवटी सही केलेलं धरलं जातं, म्हणून जुन्याच्या सगळ्या प्रती परत मागवा, महापालिकेलाही कळवा. नवीन आजार निघाला, जोडीदार गेला, नेमलेला माणूस परगावी गेला की मजकूर पुन्हा वाचायचा.

मुलांकडे अमेरिकेत सहा-सहा महिने राहणाऱ्या आईवडिलांनी हा कागद तिथे आपोआप चालेल असं धरू नये. तिथे प्रत्येक राज्याचा फॉर्म वेगळा आहे आणि साक्षीदारांचे नियमही वेगळे. मुलांच्या राज्याचा फॉर्म तिथे पोचल्यावर पहिल्याच महिन्यात भरा, इथली इंग्रजी प्रत सोबत द्या, आणि दोन्हींत नेमलेलं माणूस वेगळं असेल तर त्या दोघांची एकमेकांशी गाठ घालून द्या.